मैदानास पाणी नको, विसावा हवा

चैत्र सरून वैशाखाचें ऊन तापूं लागलें कीं आमच्या वऱ्हाडांत गांवोगांवीं एक ठराविक विलाप सुरू होतो. शाळेचें मैदान करपलें, गवत मेलें, पोरांच्या नाकातोंडांत धूळ जाते. तेव्हां एक बोअर मारून द्या, निदान टँकर तरी लावा! राळेगांवांत हा विलाप आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों. विलाप करणारांच्या कळकळीविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्यांचें निदान चुकलेलें आहे, आणि चुकलेल्या निदानावर मागितलेलें औषध रोग्यास अपायच करील, असें आमचें स्पष्ट मत आहे. वैशाखांतलें मैदान उन्हानें मरत नाहीं. वर्षभर त्याच्यावर पडलेल्या चाकांनीं, खांबांनीं आणि पायांनीं तें आधींच मेलेलें असतें. ऊन फक्त तें प्रेत उघडें पाडतें.

या विधानाची प्रचीति पाहण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. राळेगांवच्या वेशीबाहेर पडून कोणत्याही कापसाच्या वावरांत शेतकऱ्यास हरळीविषयीं विचारावें. ज्या दूर्वांच्या जुड्या आपण गणेशचतुर्थीस भक्तिभावानें निवडतों, त्याच दूर्वांच्या नांवानें तो कपाळास हात लावील. बापानें वखर धरला, मुलानें धरला, नातवानें ट्रॅक्टर आणला, तरी ती हटत नाहीं. तिला पाणी कोणी देत नाहीं, मे महिन्यांत तिच्यावर पंचेचाळीस अंशांचें ऊन पडतें, आणि मृगाचे दोन शिंतोडे पडले न पडले तोंच ती पुन्हां हजर! आतां विचार करावा, कीं जें गवत वावरांतून काढतां निघत नाहीं, तें अर्ध्या कोसावरच्या मैदानांत राखतां राखवत नाहीं, हा चमत्कार कसा घडतो? ऊन दोन्हींकडे तेंच आणि पाऊसही तोच. फरक एवढाच कीं वावरावर कोणी मंडप घालीत नाहीं.

हरळीची खरी वस्ती जमिनीच्या वर नसून खालीं असते. तिच्या गांठीगांठीच्या आडव्या मुळ्या मातींत पसरलेल्या असतात आणि कोरड ताणली कीं ती पातीं सुकवून त्या मुळ्यांच्या आश्रयानें झोंपीं जाते. वर दिसणारा पिंवळा रंग हा निद्रेचा रंग आहे, मृत्यूचा नव्हे. ज्यांना हिरवेपणावांचून मैदान दिसतच नाहीं, त्यांनीं १९७६ सालच्या इंग्लंडची आठवण ठेवावी. त्या वर्षीं तेथें असें अवर्षण पडलें कीं ऑगस्टमध्यें लंडनच्या ओव्हल मैदानावरचें गवत वाळून तपकिरी झालें होतें. त्याच तपकिरी मैदानावर व्हिव्हियन रिचर्ड्सनें २९१ धांवा केल्या आणि मायकेल होल्डिंगनें १४ बळी घेतले. मैदान हिरवें नव्हतें म्हणून क्रिकेटचें कांहीं अडलें नाहीं. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांतावर २००६-०७ मध्यें असाच प्रसंग आला, तेव्हां पाण्यावर निर्बंध आले आणि कित्येक मैदानें बंद ठेवावीं लागलीं. त्यानंतर तेथल्या अनेक नगरसंस्थांनीं थंड हवेचीं नाजूक गवतें काढून त्यांच्या जागीं ‘काउच’ नांवाचें गवत लावलें. हें काउच म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपली हरळीच! आपण बांधावरून उपटून फेंकतों, तें गवत तिकडील लोकांनीं मोल देऊन लावलें.

आतां पाण्याचा हिशेब करूं, कारण विलाप करणारे तो कधींच करीत नाहींत. फुटबॉलचें पुरतें मैदान १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद धरलें तर तें ७,१४० चौरस मीटर भरतें. एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरास एक लिटर. रोज पांच मिलिमीटर पाणी द्यावयाचें म्हटलें, आणि वैशाखांत तेंही अपुरेंच, तर रोजचें ३५,७०० लिटर झालें. खेड्यांतील माणसास दर दिवशीं ५५ लिटर पाणी मिळावें असें सरकारी नळयोजनेचें प्रमाण आहे. म्हणजे एका मैदानाच्या हिरवेपणासाठीं सुमारें साडेसहाशें माणसांचें पाणी रोज ओतावें लागेल. ज्या भागांत उन्हाळ्यांत बायाबापड्या हंडे घेऊन उभ्या असतात, त्या भागांत ही मागणी तोंडांतून काढण्यास धीर पाहिजे. बरें, इतकें पाणी मिळत नाहीं म्हणून संध्याकाळीं नळीनें थोडथोडें शिंपडणारे आहेत, ते तर गवताचे अधिकच वैरी. जमिनीचा वरचा बोटभर थर ओला झाला कीं मुळ्या त्या ओलाव्याच्या आशेनें वरच घुटमळतात, झोंपलेलें गवत अर्धवट जागें होतें, आणि चार दिवस नळी बंद पडली कीं खरोखरच मरतें. द्यावयाचें तर खोलवर मुरेल असें व दीर्घ अंतरानें द्यावें. तें जमत नसेल तर मुळींच देऊं नये.

हा वाद महाराष्ट्रानें एकदां मोठ्या प्रमाणावर पाहिला आहे. २०१६ च्या एप्रिलमध्यें मिरजेहून लातुरास आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें, आणि त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयानें इंडियन प्रीमियर लीगचे ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलविण्याचा आदेश दिला. अंतिम सामना त्यामुळें मुंबईऐवजीं बंगळुरास झाला. आदेश योग्यच होता. परंतु त्या वेळीं वृत्तपत्रांतून जी वादावादी झाली, ती वाचतांना आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटे. एका पक्षानें म्हणावें, पाणी माणसांस द्या. दुसऱ्यानें म्हणावें, मैलापाणी शुद्ध करून मैदानास देतों. मैदान म्हणजे पाणी पिणारी वस्तु, हें दोघांनींही गृहीत धरलेलें! वानखेडेचें किंवा जामठ्याचें क्रीडांगण ही धनिकांची बाग आहे. तिचे नियम गांवच्या मैदानास लावणें म्हणजे राजवाड्याच्या झुंबरांवरून झोंपडीच्या दिव्याचें तेल मोजणें होय.

आमच्या पूर्वजांस हा विवेक होता. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर हिंदु व पारशी तरुण क्रिकेट खेळत आणि त्याच जागेवर गोऱ्या जिमखान्याचे सभासद पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनीं हिरवळीची चाळण होई आणि मग त्या खाचखळग्यांतून चेंडू कोठें उसळेल त्याचा नेम नसे. १८८१ मध्यें शेंकडों देशी खेळाडूंनीं सह्या करून सरकारकडे अर्ज केला. शापुरजी सोराबजी यांनीं या झगड्याचा इतिहास १८९७ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्धही केला. त्या अर्जदारांनीं पाणी मागितलें नव्हतें. मैदानावरून घोडे काढा, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें. आज घोडे गेले, गोरेही गेले. परंतु टापा मात्र राहिल्या आहेत, आणि त्या आपल्याच आहेत.

जें पटांगण आम्ही रोज पाहतों, त्याचें व त्याच्या चालकांचें नांव येथें घेण्याचें कारण नाहीं. तसलीं पटांगणें हव्या त्या तालुक्यास सांपडतील. दसऱ्यास तेथें रावण जळतो आणि खिळे व राख मागें ठेवून जातो. मग निवडणुकीची सभा, त्यानंतर प्रदर्शन, मग आनंदमेळा आणि त्याचा आकाशपाळणा, मग लग्नसराई. प्रत्येक वेळीं सबलीनें खड्डे, प्रत्येक वेळीं ट्रक, प्रत्येक वेळीं मंडपाखालीं कोंडून पिंवळें पडलेलें गवत. हरळी नाहींशी करण्याचा जो उपाय आमचा शेतकरी करतो, म्हणजे भर उन्हाळ्यांत मुळ्या उलथून उन्हांत टाकणें, नेमका तोच उपाय आपण मैदानावर करतों. फक्त शेतकऱ्यापेक्षां अधिक नेटानें. झोंपलेलें गवत तुडविलें तर तें आपली जखम भरून काढूं शकत नाहीं, कारण त्या काळांत त्याची वाढच थांबलेली असते. आणि पावसाळ्यांत तर याहूनही वाईट. राळेगांवची जमीन कापसाची, काळी. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळली कीं आकसून भेगाळते. या उघडमिटींतच ती स्वतःची मशागत करून घेते. परंतु ओली असतां तिच्यावरून एक भरलेला ट्रॅक्टर गेला तर माती अशी दाबून बसते कीं त्या चाकोरींत पाणी तुंबून राहतें व मूळ उतरत नाहीं. चार ट्रॅक्टरांनीं तर मैदानाचा रस्ताच होतो.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाहीं: मैदान मिटून ठेवलें तर मुलांनीं जावें कोठें? आम्ही हा आक्षेप सर्वांत गंभीर मानतों, कारण हा सारा खटाटोप त्या मुलांसाठींच आहे. पोलीस भरतीच्या चाचणींत मुलांस १६०० आणि मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. शेतीनें ज्यांच्या बापांस दगा दिला अशा घरांतून त्या धांवण्यावर किती आशा टांगलेल्या असतात, हें यवतमाळ जिल्ह्यांत कोणास सांगावें लागूं नये. तीं मुलें आज कोठें धांवतात? पहाटेच्या अंधारांत डांबरी रस्त्याच्या कडेनें, समोरून येणाऱ्या ट्रकांच्या उजेडांत डोळे मिचकावीत. ज्या मैदानांत आकाशपाळण्यास जागा मिळते, त्यांत या मुलींस मिळत नाहीं. मैदान कोणी मिटून ठेवलें आहे याचा आक्षेपकांनींच विचार करावा.

धांवण्यास गवत लागत नाहीं. मैदानाच्या चारी कडांनीं दोन-तीन हात रुंद मुरमाची पट्टी दाबून काढली कीं तिच्या सुमारें साडेचार फेऱ्यांत १६०० मीटर भरतात. खर्च मुरमाच्या कांहीं खेपांचा. कबड्डी आणि खोखो हे तर मातीचेच खेळ; आपल्या पूर्वजांनीं जमीन पाहूनच खेळ रचले असावेत असा आमचा तर्क आहे. त्यांस एक कोपरा कायमचा द्यावा. राहिला मधला भाग. पहिल्या पावसानंतर त्यांतील उघड्या जागीं हरळीचे ठोंब लावावेत, घट्ट झालेली जागा सबलीनें हातहात अंतरावर टोंचून त्यांत वाळू व कुजलेलें शेणखत भरावें, आणि मग कोणीही तिकडे फिरकूं नये. हिंवाळ्यांत फुटबॉलचे खांब दर पंधरवड्यास थोडे सरकवावेत, म्हणजे एकाच जागीं टाच घासणार नाहीं. गवत कापतांना बोटभर तरी राखावें. उन्हाळी सामन्यांची हौस ज्यांना आहे त्यांनीं एका मैदानावर एक स्पर्धा भरवावी, पांच नव्हेत. सभांना व मेळ्यांना बाजाराची जागा आहे.

या सगळ्यास कंटाळून कृत्रिम हिरवळीचा मार्ग सुचविणारे सुशिक्षितही आहेत. आमच्या विदर्भाच्या उन्हांत तसलें प्लास्टिक साठ अंशांच्या वर तापूं शकतें, हें त्यांनीं एकदां अनवाणी अनुभवावें. हॉकीच्या कृत्रिम मैदानांस तर खेळापूर्वीं पाणी मारावें लागत आलें आहे. म्हणजे फिरून टँकरच! १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्यें हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर गेली आणि आपला संघ सातवा आला, तेव्हां गवतावर वाढलेल्या खेळाडूंचा दोष काय होता? शिवाय शहरांतून असलीं लहान मैदानें तासाच्या भाड्यानें मिळतात. ज्याच्या खिशांत भाडें नाहीं त्याचें मैदान गेलें, असाच याचा अर्थ.

आमची मागणी येत्या मृगापासूनची आहे आणि तिला पैसा लागत नाहीं. पहिला पाऊस पडला कीं मधल्या भागास दोर बांधावा आणि तो पोळ्यापर्यंत सोडूं नये. पोळ्यास बैल आणणारे येतील, त्यांस नाहीं म्हणण्याची आमची इच्छा नाहीं; मुरमाच्या पट्टीवर तोरण बांधून द्यावें. बैल एक दिवस येतात, मंडपवाल्यांसारखे खड्डे खणीत नाहींत, आणि जातांना शेण ठेवून जातात.