ओढण्याचे बळ आणि आवरण्याचे बळ

'नियमानुसार उचित कार्यवाही करावी.' सरकारी टिप्पणीतील हे वाक्य लिहिणाऱ्याला कधीच अडचणीत आणत नाही. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतोच असे नाही. तीस वर्षांच्या नोकरीत मी ते किती वेळा लिहिले असेल, याचा हिशेब नाही. कचेरीबाहेर मात्र ते एकदाच उच्चारले, आणि त्याचीच आज गोष्ट सांगायची आहे.

चेन्नईच्या सौकारपेटेत सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय करणारी बरीच मराठी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातील विटा-खानापूर भागातून आलेले हे गलाई बांधव दक्षिणेत सर्वत्र पसरले आहेत. त्यांच्यापैकी एका वडीलधाऱ्या गृहस्थांना आम्ही सारे आबा म्हणतो. आबांच्या भाच्याने पिढीजात धंदा सोडून जनरेटर आणि पाणी उपसण्याचे पंप भाड्याने देण्याचे काम सुरू केले. ज्यांनी २०१५ च्या डिसेंबरातला महापूर किंवा २०२३ च्या डिसेंबरातले मिचाँग वादळ या शहरात काढले आहे, त्यांना या धंद्याची गरज समजावून सांगायला नको. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की चाकांवरचे पंप आणि जनरेटर गल्लोगल्ली ओढून न्यावे लागतात. इतर दिवसांत लग्नसमारंभ असतात.

मिचाँगनंतरच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आबा भाच्याला घेऊन घरी आले. भाचा म्हणाला, "साहेब, मागे जनरेटर जोडला की चढावर गाडी दम तोडते. एक डबी बसवून मिळते. तिने इंजिनाची ताकद वाढते म्हणतात. बसवू का?" मी चहाचा पेला खाली ठेवून म्हणालो, "नियमात बसत असेल तर बसवा." दोघे समाधानाने गेले. साहेबांनी नाही म्हटले नाही, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. मलाही तो तसा घेतला जाणार हे कळत होते.

ही डबी काय करते, ते मी फार उशिरा समजून घेतले. आजच्या डिझेल इंजिनात इंधन अतिशय उच्च दाबाखाली एका नळीत साठवले जाते. किती इंधन केव्हा सोडायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. नळीतला दाब त्याला एक संवेदक कळवत असतो. डबी या दोघांच्या मधल्या तारेवर बसते आणि दाब आहे त्यापेक्षा कमी असल्याचे संगणकाला सांगते. संगणक बिचारा प्रामाणिक! तो दाब वाढवतो, इंधन जास्त जाते, गाडी जोरात ओढते. म्हणजे डबी इंजिनाला बळ देत नाही, ती वरिष्ठाला खोटा अहवाल देते. प्रशासनात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे यंत्र ओळखीचे वाटावे, यात नवल नाही. खालून खोटे आकडे आले की वरचा निर्णय नियमाला धरून असूनही चुकतो.

कारखान्याने इंजिनात राखून ठेवलेले बळ ही उधळपट्टी नसते. उन्हाळा, निकृष्ट इंधन, लांबलचक चढ यांसाठी ती शिल्लक असते. मोकळी गाडी क्षणभर जोरात पळवली तर ती शिल्लक क्षणभरच वापरली जाते. मागे ओझे असले की इंजिन सलग कितीतरी मिनिटे पूर्ण भाराखाली राहते. निकासवायूचे तापमान चढते आणि पिस्टन, टर्बो, क्लच यांचे आयुष्य झिजते. तरीही हे नुकसान मालकाचे स्वतःचे असते. ते त्याने जाणूनबुजून पत्करले, तर अर्थशास्त्राची फारशी तक्रार नाही. खरा प्रश्न उताराचा आहे.

चेन्नईपासून सुमारे सव्वादोनशे किलोमीटरवर येलगिरीचा डोंगर आहे. त्याच्या घाटात चौदा तीव्र वळणे आहेत, त्यांना तमिळ कवींची आणि जुन्या दानशूर राजांची नावे दिली आहेत. वर एका लग्नासाठी जनरेटर पोचवायचा होता. डबी बसवलेली गाडी पूर्वी कधी चढली नव्हती अशी तो घाट चढली, आणि त्याच भरवशावर पुढच्या खेपेला अधिक वजनाचा जनरेटर जोडला गेला. परतताना चौथ्या की पाचव्या वळणाआधी ब्रेक तापून निकामी झाले. मागच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हतेच. तिरुवण्णामलैकडच्या ड्रायव्हरने प्रसंगावधान राखून गाडी डोंगराच्या बाजूला घासत नेली, म्हणून समोरून येणारी शाळेच्या सहलीची बस वाचली. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला. आठ महिने तो घरी बसून होता.

डबीने ओढण्याचे बळ वाढवले, आवरण्याचे बळ होते तेवढेच राहिले. ताशी चाळीसऐवजी साठ किलोमीटर वेगाने जाणारे तेच ओझे थांबवायला सव्वादोनपट ऊर्जा जिरवावी लागते, आणि वजन वाढले की त्यात आणखी भर पडते. गाडीने किती ओढावे याची मर्यादा केवळ इंजिन ठरवत नाही. ब्रेक, सांगाडा, जोडणीचा आकडा, टायर यांतला सर्वांत दुबळा भाग ती ठरवतो. आपल्याकडे ऊसवाहतुकीच्या हंगामात ट्रॅक्टरचा पंप 'वाढवून' घेऊन दोन ट्रॉल्या ओढणारे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे पटेल.

कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे. कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई करते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली. पण नोंदणीपत्रात रंगाचा रकाना आहे, इंजिनाच्या घनक्षमतेचा आहे, खोट्या अहवालाचा नाही. धुराची चाचणी गाडी उभी ठेवून, गिअर न टाकता, भाराविना होते. ओझे ओढताना सुटणारा काळा धूर तेथे दिसत नाही.

"शासनानेच २०१८ साली ट्रकांचा अक्षभार वाढवला, मग आम्ही थोडे वाढवले तर बिघडले कुठे?" असे आबांनी मला नंतर विचारले. प्रश्न रास्त आहे. चार टायरच्या एका अक्षाची मर्यादा तेव्हा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, हे खरे. परंतु तो निर्णय जाहीर अधिसूचनेने झाला. त्यावर टीका करता येते, न्यायालयात जाता येते. डबीवर टीका करायला ती आधी दिसली पाहिजे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२० साली अंदाज केला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअप गाड्यांची प्रदूषणरोधक यंत्रणा काढून टाकली गेली होती. प्रत्येक मालकाने आपल्यापुरता फायदा पाहिला, धूर सर्वांच्या वाट्याला आला. पिगूने १९२० साली मांडलेला विचार हाच होता. खर्च दुसऱ्याच्या खिशातून जात असेल, तर करणारा तो मोजत नाही.

उपाय अवघड नाहीत. योग्यता तपासणीत ट्रॉलीही पुढे आली पाहिजे आणि तिचे ब्रेक पाहिले पाहिजेत. भाराखालच्या धुराची चाचणी व्हावी. निरीक्षकाने इंजिनाचे झाकण उघडून तारांच्या जोडण्या पाहाव्यात. धंद्याला मोठी गाडी हवी असेल, तर छोट्या मालकाला तिचे कर्ज सुलभ मिळावे. नाहीतर तो डबीच घेणार.

आणि एक उपाय माझ्यासारख्यांसाठी. आपण परक्या गावी राहतो तेव्हा आपली माणसे आपल्या पदाला नव्हे, आपल्या जाणतेपणाला प्रश्न विचारतात. मला माहीत नव्हते, तर "दोन दिवस थांबा, विचारून सांगतो" एवढे म्हणता आले असते. त्या ड्रायव्हरला भेटायला गेलो तेव्हा त्याने उठून बसण्याचा प्रयत्न केला. साहेब आले होते ना! तो काहीच विचारत नव्हता. माझ्याजवळ त्या वेळी नियमानुसार उचित असे एकही वाक्य नव्हते.