अस्तरासाठीही पैसे हवेत

नवी भट्टी बांधून झाली की कारागिराला ब्लोअर लावून पाहण्याची घाई होते. पण आतले अस्तर ओलसर राहिले असेल, तर पहिल्याच जाळात त्याचे पोपडे उडतात. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे 1,600 पट जागा मागते; वाट मिळाली नाही तर भिंत फोडते.

भंडारा हा पितळी भांड्यांचा जिल्हा. पितळ साधारण 900 ते 940 अंशांना वितळते, तर लोहाराला लोखंडाला लोखंड जोडायचे तर 1,300 अंशांच्या जवळ जावे लागते. एवढी धग अडवणारा माल याच मातीत आहे. दहेगाव, पोहरा या भागांत कायनाइट आणि सिलिमनाइट ही खनिजे सापडतात. कायनाइट 1,300 अंशांपुढे गेले की त्याचे मुलाईट होते. हे मुलाईट 1,800 अंशांपर्यंतही टिकते. मात्र हा बदल होताना कायनाइट चांगलेच फुगते, म्हणून विटांसाठी ते आधी भाजून घेतात. थोडे कच्चे कायनाइट मुद्दाम मिसळले, तर मातीचे आकसणे भरून निघते.

दुसरा माल धानाच्या गिरणीबाहेर पडलेला असतो. तूस मातीत कालवून वीट भाजली की ते जळून जाते आणि वीट सच्छिद्र होते. छिद्रांतली हवा उष्णता अडवते. पण ही वीट ठिसूळ असते, सांडशीचा धक्का तिला सोसत नाही. जोडकामातला टाकणखारही अस्तर खातो. त्यामुळे आगीच्या तोंडाशी घट्ट, टणक थर आणि त्याच्या मागे सच्छिद्र विटा, असाच क्रम हवा. नुसत्या जड फायरब्रिकची भट्टी आग सोसते, पण तापायलाच कितीतरी कोळसा गिळते.

साधे सिमेंट तर इथे वापरूच नये. अशा तापात ते भुसभुशीत होते. सिरॅमिक वूल हलके आणि उत्तम, पण त्याचे तंतू फुप्फुसात जाणे घातक. मास्क लावूनच ते कापावे आणि वरून अग्निरोधक लेप द्यावा.

हे सारे कारागिराने ठोकर खाऊन का शिकावे? 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारांना प्रशिक्षण मिळते, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदतही मिळते. त्या प्रशिक्षणातला एक पूर्ण दिवस अस्तराला द्यावा आणि अस्तराचा माल मदतीत धरावा. अवजार एकदाच विकत घ्यायचे असते, कोळसा रोज जळतो.

अस्तर ओलसर राहू नये म्हणून ते आधी काही दिवस सावलीत सुकवायचे, मग बारीक जाळावर शंभर अंशांच्या आसपास कित्येक तास ठेवायचे आणि त्यानंतर हळूहळू ताप चढवायचा. भंडाऱ्याच्या पावसाळ्यात याला आणखी दिवस लागतात. तेवढ्या दिवसांच्या बुडालेल्या मजुरीची तरतूदही योजनेतच असायला हवी.