पडण्याची जाहिरात

गोपाळकाला जवळ आला की ठाण्यात कमानी उभ्या राहतात आणि मोबाइलवर चित्रफिती फिरू लागतात. त्यातली एक ठरलेली. सात-आठ थर लागलेले असतात. वरचे पोर हंडीकडे हात उचलते. मधल्या थरात कुणाचा तरी गुडघा लटपटतो आणि सगळा मनोरा एका अंगाला कलून खाली येतो. तेच दृश्य पुन्हा, संथ गतीत. मग ढोल-ताशा, तारीख, ठिकाण, बक्षिसाची रक्कम.

ही चित्रफीत कुठे कापली आहे ते नीट पाहावे. पोरे जमिनीवर आपटायच्या आत ती संपते. सर्वांत खाली दबलेला मुलगा त्यात नाही. त्याला उचलून रुग्णवाहिकेकडे पळणारे चौघे नाहीत. कळव्याच्या रुग्णालयाबाहेर ताटकळलेली आई तर नाहीच नाही. कुठपर्यंत दाखवले तर गर्दी येते आणि कुठून पुढे दाखवले तर लोक पोरांना घरी ठेवतात, हे कापणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणजे अपघात जाहिरातीत चुकून शिरलेला नाही. तो मोजूनमापून घातला आहे.

हा धंदा अमेरिकेतल्या स्टॉक कार शर्यतींनी फार आधी केला. 18 फेब्रुवारी 1979 रोजी डेटोना 500 ही शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत पहिल्यांदाच देशभर थेट दाखवली गेली. शेवटच्या फेरीत आघाडीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या आणि चालक मैदानातच हातघाईवर आले. ही शर्यत घराघरांत पोहोचली ती त्या दिवसापासून. पुढे आदळणाऱ्या गाड्या तिच्या प्रसिद्धीचे हुकमी साधन झाल्या. बरोबर 22 वर्षांनी, 18 फेब्रुवारी 2001 रोजी, त्याच शर्यतीच्या शेवटच्या फेरीत डेल अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. कवटीच्या तळाचे हाड मोडून नऊ महिन्यांत गेलेला तो चौथा चालक. मान आणि डोके सांभाळणारे साधन तेव्हा उपलब्ध होते, पण ऐच्छिक होते. आधीचे तीन मृत्यू ते सक्तीचे करायला पुरले नाहीत. सर्वांत लाडका चालक गेला तेव्हा चक्रे हलली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात सक्ती आली. पडझड विकायची सवय लागली की ती थांबवायची घाई कुणालाच उरत नाही.

ठाण्याला या सवयीची गरज नाही. आनंद दिघे यांनी सुरू केलेल्या टेंभी नाक्याच्या हंडीपासून वर्तकनगरपर्यंत या शहराने गोविंदांना खरे व्यासपीठ दिले. 2012 मध्ये जय जवान पथकाने येथेच नऊ थर लावले. उंची 43.79 फूट, गिनीज बुकात नोंद. 2025 मध्ये कोकण नगर पथकाने वर्तकनगरात दहा थर लावले आणि 25 लाखांचे बक्षीस नेले. महिनोन् महिने, कामावरून सुटल्यावर, रात्री उशिरापर्यंत सराव करून ही पोरे हे कसब कमावतात. कल्याण-डोंबिवलीहून ट्रक भरून येणाऱ्या साध्या पथकाचे सहा थरही त्याच घामाचे असतात. त्यांचा उत्सव त्यांच्या पडण्यावर विकणे हा त्या कसबाचा अपमान आहे.

थर लावणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे थर उतरवणे. वरचा खाली येताना खालच्यांच्या खांद्यांवरचा भार क्षणाक्षणाला सरकतो, दमलेले पाय तोवर धरून ठेवावे लागतात. जाणकार पथकाची खरी पारख तिथे होते. स्पेनमधल्या कॅटलोनियात असेच मानवी मनोरे रचतात. तिथे स्पर्धेत मनोरा लागून नंतर कोसळला तर गुण कमी, सुखरूप उतरला तर जास्त. आपल्या कमानींवर आकडा असतो तो किती थर लागले याचा. आणि आपल्या चित्रफितींत सलामी असते, कोसळणे असते. सुखरूप उतरणारे पथक नसते. ते दाखवण्याजोगे कुणाला वाटलेले नाही.

याची किंमत कुठे मोजली जाते? 2017 मध्ये राज्य सरकारने उच्च न्यायालयात सांगितले की 14 वर्षांखालील मुलांना थरांवर चढू देणार नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये, गोपाळकाल्याच्या काही दिवस आधी, दहिसरला 11 वर्षांचा मुलगा सराव करताना वरून पडून गेला. सरावाला ना बक्षीस, ना व्यासपीठ. 2022 पासून दहीहंडी सरकारदरबारी साहसी खेळ आहे. त्याच वर्षी सरकारने मृत गोविंदाच्या वारसांसाठी 10 लाखांची मदत जाहीर केली. दहाव्या थराचे 25 लाख, जिवाचे 10. हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर कुठल्याही आयोजकाला स्वस्थ झोप लागता कामा नये.

तेव्हा मंडपाची आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी देताना ठाणे पोलीस आणि महापालिका यांनी आणखी दोन अटी घालाव्यात. कोसळणारा थर प्रसिद्धीसाठी वापरला तर पुढच्या वर्षी परवानगी नाही. आणि बक्षीस द्यायचे ते शेवटचा गोविंदा आपल्या पायांनी खाली उतरल्यावरच. या अटींना दमडीचा खर्च नाही, कुणाच्या श्रद्धेला धक्का नाही. त्या मान्य करायला जो आयोजक कुरकुर करील, तो काय विकतो आहे हे त्यातून आपोआप कळेल.

अटी येतील तेव्हा येतील. तोवर आपल्या इमारतीच्या किंवा मंडळाच्या गटावर अशी चित्रफीत आली, तर ती पुढे पाठवू नका. ज्याने पाठवली त्याला विचारा, त्यातली पोरे नंतर कशी आहेत.