आधी पत्र, मग प्रस्तावना

साधने जमली आहेत, लिप्यंतर झाले आहे, संदर्भग्रंथ वाचून झाले आहेत, फक्त लिहायला सुरुवात होत नाही. शोधनिबंध का आला नाही असे विचारले की तरुण अभ्यासकांकडून हे उत्तर फार वेळा ऐकू येते. वर्षानुवर्षे पुण्याच्या पुराभिलेखागारात बसून रुमालामागून रुमाल सोडणारा, घसटलेली मोडी सहज लावणारा माणूस कोऱ्या कागदापुढे अडतो. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. कष्ट करण्याची त्याची तयारी तर सिद्धच झालेली असते.

तो अडतो पहिल्या परिच्छेदापाशी. निबंधाची सुरुवात प्रस्तावनेने व्हायची म्हणून लिहिण्याची सुरुवातही तिथूनच करायची, असे त्याने गृहीत धरलेले असते. मग एका गावच्या पाटीलकीच्या तंट्यावरचा निबंध यादवकाळापासून सुरू होतो, बहमनी राज्यापर्यंत येतो आणि तिथेच थांबतो. यात नवल नाही. आपला निबंध काय सिद्ध करतो हे प्रस्तावनेत सांगायचे असते, आणि ते लिहिणाऱ्यालाच अजून पुरते उमगलेले नसते. पुरावा समोर ठेवून चार पाने लिहिल्याशिवाय ते उमगतही नाही.

राजवाड्यांच्या प्रस्तावनांचा आदर्श आपल्यापुढे असतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली निघाला. त्याच्या प्रस्तावनेचा आवाका पाहून आजही दडपण येते. पण ती ज्या पत्रांवर उभी आहे ती पत्रे राजवाड्यांनी आधी वाचली, लावली, त्यांचा काळ ठरवला. छापील पुस्तकात प्रस्तावना आधी येते म्हणून ती आधी लिहिली गेली असेल, असे आपण नकळत धरून चालतो.

म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्यांना माझे सांगणे असे की, ज्या एका कागदाने तुम्हाला सर्वाधिक छळले त्या कागदापासून लिहायला लागा.

बहुतेकदा तो छळ कालनिर्णयाचा असतो. पत्रावर चंद्र आहे, महिना आहे, वर्ष नाही. कधी वर्ष असते, पण सुहूर सनात. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७२. सुहूर सन मृगाला बदलतो, त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. त्याच सनातले कार्तिकातले पत्र १७७१ चे ठरते आणि चैत्रातले १७७२ चे. वर्षच नसेल तर पत्रातल्या माणसांवरून, स्वारीच्या मुक्कामांवरून, एखाद्या मृत्यूच्या किंवा ग्रहणाच्या उल्लेखावरून ते ठरवावे लागते आणि मोडकांच्या जंत्रीत वार जुळतो का हे पाहावे लागते. हे सगळे तुम्ही केलेले असते, पण वहीच्या समासात किंवा डोक्यात. ते पूर्ण वाक्यांत लिहा: हे पत्र अमुक वर्षाचे असावे असे मला वाटते, कारण हे, आधीच्या संपादकाने वेगळे वर्ष दिले आहे, ते मला पटत नाही, कारण हे. असा परिच्छेद लिहून झाला की निबंध सुरू झालेला असतो. त्यात तुमचे म्हणणे आहे, दुसऱ्याचे म्हणणे आहे आणि दोहोंमधला निवाडाही आहे. पुढचा परिच्छेद काय असावा हे तो परिच्छेदच सुचवतो, कारण वर्ष बदलले की पत्राचा अर्थ बदलतो आणि तो बदललेला अर्थ सांगावाच लागतो.

उंबेर्तो एको यांचे मत याच्या उलट आहे. प्रबंधलेखनावरच्या आपल्या १९७७ च्या पुस्तकात अनुक्रमणिका आणि प्रस्तावना सुरुवातीलाच लिहावी, असा सल्ला त्यांनी दिला आहे. मात्र काम पुढे जाईल तशी ती पुन्हा पुन्हा बदलायची, हेही त्यांनी सांगितले आहे. ज्याला इतक्या सहजपणे आपलेच लिहिलेले खोडता येते, त्याने तसे जरूर करावे. आपल्याकडे एकदा लिहिलेल्या प्रस्तावनेला हात लावायला मन धजत नाही. कागदपत्रांवर काम करणाऱ्यासाठी मला पत्रापासूनची वाटच अधिक खात्रीची वाटते. रोज थोडे लिहिण्याच्या सवयीबद्दल वेगळे सांगायला नको. रॉबर्ट बॉइस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने प्राध्यापकांवरच प्रयोग करून दाखवले की, मनःस्थितीची वाट पाहणाऱ्यांपेक्षा ठरल्या वेळी बसणारे जास्त लिहितात आणि त्यांना कल्पनाही जास्त सुचतात.

आपल्या विषयात अडण्याचे आणखी एक कारण आहे आणि ते फारसे कोणी बोलून दाखवत नाही. ते म्हणजे भीती. जानेवारी २००४ मध्ये भांडारकर संस्थेवर हल्ला झाला, ग्रंथांची आणि हस्तलिखितांची नासधूस झाली. तेव्हापासून महाराष्ट्राच्या इतिहासावर लिहिणाऱ्याच्या मनात, आपल्या वाक्याचा कोण काय अर्थ काढील, हा प्रश्न पहिल्या शब्दाआधीच उभा राहतो. ही भीती खोटी नाही. ती मनात घेऊन लिहायला बसलेला माणूस आधी गौरवाची, खबरदारीची वाक्ये रचत राहतो आणि त्यातच थकतो. रुमाल क्रमांक, पत्राचा पाठ, वाचनातली शंका, कालनिर्णय हे क्रमाने मांडणारे लेखन तुलनेने निर्भयपणे करता येते, कारण तिथे प्रत्येक वाक्याच्या पाठीशी कागद असतो.

त्र्यं. शं. शेजवलकर १९६३ मध्ये गेले तेव्हा त्यांचे शिवचरित्र लिहून झालेले नव्हते. पुढच्या वर्षी ‘श्री शिवछत्रपती’ प्रसिद्ध झाले ते संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधने या रूपात. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि आजही अभ्यासक ते उघडतात. चरित्र पुरे झाले असते तर काय झाले असते, ही हळहळ आहेच. पण जे कागदावर उतरले होते तेवढेच आपल्या हाती आले. त्यांच्या मनात तयार असलेली प्रकरणे कोणालाच वाचता आली नाहीत.

भारत इतिहास संशोधक मंडळाच्या जुन्या इतिवृत्तांत आणि त्रैमासिकांत एकेका पत्रावरची, एकेका शिलालेखावरची छोटी टिपणे दिसतात. मागे-पुढे पाल्हाळ नाही, कागद काय आहे आणि त्यातून काय ठरते एवढेच. हा प्रकार आपण जवळजवळ टाकून दिला आणि प्रत्येक अभ्यासकाकडून थेट वीस पानी निबंधाची अपेक्षा करू लागलो. पुढच्या अंकापासून या मासिकात अशा टिपणांसाठी पाने राखून ठेवत आहोत. एकच कागद घ्या. तो कुठे मिळाला, त्याचा पाठ काय, काळ कसा ठरवला आणि कोणाच्या मताशी तुमचा मतभेद आहे, एवढे लिहा. हजार शब्द पुरेत. पार्श्वभूमी नको, उपसंहार नको. मोडी पाठात एखादे अक्षर लागत नसेल तर तिथे प्रश्नचिन्ह टाका आणि मूळ पानाचे छायाचित्र सोबत जोडा. ते अक्षर लावण्याचा प्रयत्न संपादक मंडळ करील.