तापल्या तांब्याची साक्ष

धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेकडे निघाले की सोनगीरचा किल्ला दिसतो. फारुकी, मोगल, मराठे आणि १८१८ नंतर इंग्रज, साऱ्यांना तो हवासा वाटला, कारण टेकडीवरून खालचा मुलूख नजरेत राहत असे. पायथ्याच्या गावात दुरून पाहण्याची आणखी एक विद्या पिढ्यानपिढ्या नांदली. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या सोनगीरचा तांबट भट्टीतल्या पत्र्याला हात न लावता, निव्वळ त्याच्या लालीवरून, तो ठोकण्याजोगा मऊ झाला की नाही हे ओळखत आला.

सातशे अंश सेल्सियसच्या आसपास तापलेला पत्रा जी ऊर्जा बाहेर टाकतो, तिचा अगदी थोडा अंश डोळ्याला दिसतो. बाकीची झळ होऊन तोंडावर येते. विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यकिरण लोलकातून पाडून तांबड्या पट्ट्यापलीकडच्या अंधारात तापमापक ठेवला आणि पारा चढला, तेव्हा ती झळ प्रकाशाचीच भावंड असल्याची पहिली खूण मिळाली. युरोपात असे अदृश्य मोजले जात असताना खानदेशात कंपनी सरकार जमीन मोजत होते. १८५२ साली सावदा, फैजपूर, एरंडोल भागांतले शेतकरी या मोजणीविरुद्ध उठले आणि सरकारला फौज आणावी लागली. मोजणीची साखळी अचूक असली तरी तिच्या आकड्यावरून सारा ठरवणारा आपला नाही, ही त्यांची धास्ती होती. ती अडाणीपणाची म्हणून निकालात काढणाऱ्यांशी मी सहमत नाही.

पुढे १८६५ मध्ये मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर असल्याचे मांडले, आणि १९०० च्या डिसेंबरात बर्लिनमध्ये माक्स प्लांकने तापलेल्या वस्तूच्या उत्सर्जनाचे गणित सोडवले. त्याच सुमारास खानदेश छप्पन्याच्या दुष्काळाने खंगला होता आणि पिकाचा अंदाज नजरेने, आण्यांत बांधला जात होता. प्लांकच्या गणितानुसार वस्तू जितकी तप्त, तितकी तिच्या प्रखरतम लहरीची लांबी आखूड: सूर्याची सुमारे अर्धा मायक्रॉन, जमिनीची दहाच्या आसपास. पण घासून लखलखीत केलेले तांबे त्याच तापमानाच्या काजळलेल्या तांब्यापेक्षा फार कमी ऊर्जा सोडते. पृष्ठभाग कसा आहे हे ठाऊक नसेल, तर दुरून पाहणारा तापलेल्याला थंड समजतो.

हिरव्या पानाचीही खरी खूण डोळ्याआड असते. ते तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्याला न दिसणारा, तांबड्यापलीकडचा निकट अवरक्त परावर्तित करते. पीक सुकू लागले की या दोन्हींचे प्रमाण ढळते. याच पायावर १९७० च्या सुमारास शास्त्रज्ञ पिशारोटींनी केरळातल्या रोगट नारळांचा माग हेलिकॉप्टरमधून अवरक्त फिल्मवर काढला. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून सुटलेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या एका कॅमेऱ्याच्या चित्रातला ठिपका ७२.५ मीटरचा होता, म्हणजे सुमारे सव्वा एकरावर एकच आकडा. त्यात कपाशी, बाजरी आणि बांधावरची बाभूळ एकजीव होत. आता ठिपका दहा मीटरवर आला आहे, आणि ३० जुलै २०२५ ला गेलेला निसार उपग्रह श्रावणातल्या ढगांआडूनही रडारच्या लहरींनी जमिनीची ओल चाचपू शकतो.

लहरीला तालुक्याची हद्द कळत नाही. हद्द कागदावर आखली जाते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात शिंदखेडा होता. त्याला लागूनचा, सोनगीर ज्यात येते तो धुळे तालुका नव्हता. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात १,०२१ महसूल मंडळांना दुष्काळसदृश ठरवण्यात आले. वास्तविक २०१६ ची दुष्काळ संहिता पर्जन्य आणि उपग्रहाच्या निर्देशांकांवर थांबत नाही. प्रत्यक्ष पाहणीसाठी दहा टक्के गावे निवडायला सांगते. ती पाहणी करणाऱ्याने बांधावर उतरून कपाशीचे बोंड हातात घ्यावे, बाजरीचे कणीस चोळून दाणा पाहावा, आणि ते शेतधन्यासमक्ष करावे.