वेसाव्याहून लंडन

मुंबई ते लंडन अंतर किती, असा प्रश्न कोणी केला असता पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून सुमारे ७,२०० किलोमीटर असे उत्तर देता येते. परंतु तेथे पोहोचण्यास वेळ किती लागेल, याचा उलगडा त्या आकड्याने होत नाही, हे वाऱ्याचा रोख पाहून होडी लोटणाऱ्या वेसाव्याच्या (मुंबईतील वर्सोव्याच्या) कोळ्याला कोणी शिकवावयास नको. ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाच्या विमानास हा पल्ला हिशेबाने आठ तासांचा. पण उंच आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा प्रबळ वायुप्रवाह जाताना समोरून आणि येताना पाठीमागून लागत असल्यामुळे जाण्यास अधिक तास मोजावे लागतात आणि परतीचा प्रवास लवकर आटोपतो. वाऱ्याखेरीज राज्यकर्त्यांची मर्जीही सांभाळावी लागते: एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या हद्दीतून जाण्यास भारतीय विमानांना मज्जाव केला आणि पश्चिमेच्या वाटेवरील अनेक विमानांना वळसा पडला.

वेसाव्यापासून जवळच असलेल्या जुहूच्या मैदानावर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन उतरले, त्या काळी पावसाळा लागला की मैदान जलमय होई आणि विमानांचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ हे विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हा येथे थांबे घेत लंडनला गेले. १९६० साली बोइंग ७०७ आले आणि प्रवासाचे तास झपाट्याने घटले. त्यानंतर मात्र, काँकॉर्डचा खर्चिक अपवाद वगळता, उतारूंच्या विमानाचा वेग जवळजवळ जेथल्या तेथेच आहे. आकाशातील वेळ यापुढे फारसा वाचणे नाही. वाचावयाचा तो जमिनीवरच.

आणि तो वाचू शकतो, याचा दाखला वेसाव्यातच आहे. योगायोगाने ८ जून याच तारखेस, २०१४ साली, वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ऑक्टोबर २०२४ पासून मरोळ नाक्यास गाडी बदलली की भुयारी मार्गाचे पुढचेच स्थानक विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलचे. अंधेरीच्या कोंडीत रिक्षाच्या मीटरकडे पाहत ज्यांनी विमान चुकण्याची धास्ती अनुभवली आहे, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावे लागणार नाही. परंतु परदेशची पुष्कळ विमाने सुटतात आणि उतरतात ती मध्यरात्र उलटल्यावर, आणि नेमक्या त्या प्रहरी मेट्रोची दारे बंद असतात. रुळांच्या देखभालीस रात्रीचा अवकाश लागतो, हे कारण रास्त आहे, पण रस्त्यांना तशी अडचण नाही. तेव्हा कारभाऱ्यांनी निदान दर अर्ध्या तासाला टर्मिनलहून अंधेरीमार्गे वेसाव्यापर्यंत एक बस सोडण्याचा बंदोबस्त करावा. भरतीची वेळ साधण्यासाठी अपरात्री उठणाऱ्या या गावाला त्या बसच्या घरघरीची तक्रार असणार नाही.