पायी चालणाऱ्याला कुणी विचारले?

गेल्या वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी आमच्या वर्गाला पाहणीसाठी विषय वाटून दिले. कुणाच्या वाट्याला हुंडा आला, कुणाच्या वाट्याला मोबाईलचे वेड. आमच्या गटाच्या वाट्याला आले, 'आपल्या परिसरातील पायी व सायकलीने जाण्याच्या वाटांविषयी लोकमत'. खरे सांगायचे तर आम्ही चौघीही हिरमुसलो. फुटपाथविषयी कुणाचे काय मत असायचे? हवा की नको असे विचारले तर प्रत्येक जण हवाच म्हणणार, आणि आमची पाहणी पहिल्याच प्रश्नाला संपणार!

पण तसे झाले नाही. पाहणी करताना आमचे काय चुकले आणि त्या चुकीतून मला काय वाटू लागले, तेवढेच येथे मांडायचे आहे.

आम्ही रीतसर प्रश्नावली केली. वय, शिक्षण, व्यवसाय असे रकाने आखले. मग कॉलेजचा स्टँड, कॅन्टीन, समोरची दुकाने, जवळच्या दोन सोसायट्या अशा ठिकाणी उभ्या राहून लोकांना गाठले. पहिल्या प्रश्नाला अपेक्षेप्रमाणे जवळजवळ सगळ्यांनी 'हो' म्हटले. फुटपाथ हवेत, सायकलींसाठी वेगळी वाट हवी, प्रदूषण कमी व्हायला हवे. दुसरा प्रश्न होता, 'त्यासाठी आपल्या दारापुढे लावलेली वाहने हलवावी लागली तर आपली तयारी आहे काय?' येथे मात्र चेहरे बदलले. एक दुकानदार म्हणाले, "गिऱ्हाईक गाडीवरून येतं. गाडी लावायला जागा नसेल तर ते पुढच्या दुकानात जाईल. माझं दुकान तुम्ही चालवणार का?" एक सद्गृहस्थ म्हणाले, "सायकल ट्रॅक ही कल्पना उत्तमच आहे, पण आमचा रस्ता त्यासाठी फार अरुंद." आमच्याच वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, "सायकलवरून यायचं आणि पहिल्या तासाला घाम पुसत बसायचं? मला नाही जमायचं."

आम्ही मोठ्या समाधानाने निष्कर्ष लिहिला, 'लोकमत तत्त्वतः अनुकूल, व्यवहारतः प्रतिकूल.' सरांनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, "यातले पायी आलेले किती?"

आम्ही एकमेकींकडे पाहिले. आमच्या प्रश्नावलीत सगळे रकाने होते, फक्त 'आपण येथे कसे आलात?' हा रकाना नव्हता. शिवाय आम्ही जेथे उभ्या होतो, तेथे वाहन लावायला आलेला माणूसच थांबतो. पायी जाणारा कशाला थांबेल? त्याला कामावर पोहोचायचे असते. पायी चालण्याविषयीचे लोकमत आम्ही वाहनवाल्यांकडून गोळा केले होते!

दुसऱ्या फेरीला आम्ही सकाळी साडेसहाला निघालो. धुणेभांडी करणाऱ्या एक मावशी भेटल्या. पर्वतीच्या पायथ्याकडून सदाशिव पेठेपर्यंत रोज चालत येतात, चार घरची कामे उरकतात आणि चालतच परततात. त्यांना आम्ही पहिला प्रश्न विचारला. त्या हसल्या. "आमाला कोन विचारतंय ताई? गाडी आली की आपन बाजूला व्हायचं." फुटपाथवरून का चालत नाही, असे विचारले तर म्हणाल्या, "तितं गाड्या असत्यात." एक रखवालदार काका रात्रपाळी संपवून सायकलवरून घरी निघाले होते. सायकलच्या वाटेवरून का जात नाही, या प्रश्नाला त्यांनी हातानेच उत्तर दिले. समोरच ती वाट होती. तिच्यावर आधी विजेची पेटी होती, मग शहाळ्यांची गाडी, मग तीन मोटारी. पुढे ती एका झाडाच्या आळ्याशी संपली होती. "दर पन्नास पावलांवर उतरायचं, तर मग सायकल कशाला?" ते म्हणाले आणि रस्त्यावरच्या गर्दीत मिसळून गेले.

ही चूक आमच्यापुरती आहे असे आधी वाटले. पण आपला देशही पुष्कळसा असाच मोजतो. माणसे कामावर कशी जातात, हा प्रश्न आपल्या जनगणनेने २०११ साली विचारला, पण तोही शेती व घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांनाच. त्यात दिसले ते असे: कामावर पायी जाणारे सुमारे साडेचार कोटी, सायकलने जाणारे अडीच कोटींहून अधिक आणि मोटार, जीप किंवा व्हॅनने जाणारे सुमारे ५४ लाख. म्हणजे मोटारीतल्या एका माणसामागे आठ माणसे पायी चालत होती. आणि या आकड्यांत शाळा-कॉलेजात चालत जाणारे विद्यार्थी नाहीत, मंडईत भाजीला जाणाऱ्या गृहिणी नाहीत, देवळात जाणारे म्हातारे नाहीत. एवढे बहुमत असूनही रस्ता मात्र त्या आठांनी नवव्यासाठी सोडायचा, असा आपला रिवाज!

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. माझी आत्या आमच्याकडेच असते. तिची सत्तरी आता उलटली आहे. ती कॉलेजात सायकलवर जात असे. डबलसीट जाताना किंवा संध्याकाळी दिवा नसताना पोलीसमामांनी पकडले की काय बोलणी खावी लागत, याच्या गोष्टी ती रंगवून सांगते. ते शहर कुणी एका दिवसात मोडले नाही. आपणच एकेक स्कूटर घेत ते मोडले.

पुन्हा सायकलीकडे वळण्याचे प्रयत्न झाले नाहीत असेही नाही. २००६ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणले. रस्त्यावरून वाहने किती गेली यापेक्षा माणसे किती गेली हे पाहावे, हे त्या धोरणाचे सार. त्याच वर्षी पुण्यात जलद बससेवेचा पहिला मार्ग सुरू झाला आणि त्या रस्त्यांच्या कडेने सायकलींच्या वाटा आखल्या गेल्या. २०१६ साली पादचारी धोरण झाले. २०१७ साली सायकल आराखडा मंजूर झाला. त्या वर्षाच्या अखेरीस भाड्याच्या नव्या सायकली आल्या आणि थोड्याच वर्षांत दिसेनाशा झाल्या. २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळून लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद ठेवू लागले. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अडथळ्यावाचून फुटपाथ वापरता येणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ ने दिलेल्या जीविताच्या हक्काचाच भाग आहे. धोरण आहे, आराखडा आहे, न्यायालयाचा शब्द आहे. उणीव असेल तर ती या सगळ्यामागे उभे राहणाऱ्या लोकमताची आहे. आराखड्यावर हरकती व सूचना मागवल्या जातात, तेव्हा ज्याची वाहन लावण्याची जागा जाणार तो कामधाम सोडून अर्ज घेऊन जातो. तशी वेळ आमच्या मावशींना कुठली? चार घरची भांडी तशीच ठेवून त्या सुनावणीला कशा जाणार?

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. 'सायकलच्या वाटेवर सायकली दिसतच नाहीत, मग ती हवी कशाला?' हे म्हणजे छप्पर उडालेल्या शाळेत मुले येत नाहीत, तेव्हा गावाला शाळेची गरजच नाही, असे म्हणण्यासारखे झाले. दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडच्या लोकांना चालायची सवयच उरलेली नाही. साडेचार कोटींचा आकडा पाहिल्यावर या आक्षेपाला वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. सवय उरली नाही ती आपल्यासारख्यांची, ज्यांना मत विचारले जाते त्यांची. तिसरा आक्षेप दुकानदारांचा. त्याची मात्र थट्टा करू नये, कारण ती पोटाची भीती आहे. पण पायी येणाऱ्याच्याही खिशात पैसे असतातच, आणि तुळशीबागेत आजवर कुणी मोटार घेऊन शिरलेले नाही, तरी तेथे पाय ठेवायला जागा नसते, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे. फेरीवाल्यांवर सगळा राग काढणेही मला पटत नाही. चालणारा त्याच्याकडूनच भाजी घेतो. त्याच्या गाडीला जागा नेमून देता येते, आणि तसा कायदाही २०१४ साली झाला आहे.

लोकमत बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी हॉलंडकडे पाहावे. तेथील सायकली पाहून आपल्याला वाटते, की तो देश जन्मतःच शहाणा. पण तेथेही १९६० नंतर मोटारींचीच चलती होती. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप मुलांना घेऊन रस्त्यावर उतरले. त्यांच्या चळवळीचे नावच 'मुलांच्या हत्या थांबवा' असे होते. १९७७ साली ग्रोनिंगेन शहराने गावाच्या मध्यातून मोटारींचा थेट रस्ता तोडला, तेव्हा तेथील दुकानदारांनीही विरोध केला होता. म्हणजे तेथेही लोकमत आयते मिळाले नव्हते. ज्यांचे नुकसान होत होते, ते आधी बोलले, मग इतरांना ऐकावे लागले.

आता थोडे स्वतःविषयी. दुसरी फेरी संपवून मी घरी आले आणि एक प्रश्नावली आत्यापुढे धरली. ती रोज सकाळी मंडईपर्यंत चालत जात असे. दीड वर्षांपूर्वी ती पडली, मनगट मोडले, आणि तेव्हापासून तिने एकटीने बाहेर पडणे सोडले. वयामुळे तोल गेला असेल, असे आम्ही सगळ्यांनी धरून चाललो होतो. मी विचारले, "आत्या, तू नक्की कुठं पडलीस गं?"

तिने जागा सांगितली. आमच्या संध्याकाळच्या क्लासपुढचा फुटपाथ. तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत गाड्या ओळीने लागलेल्या असतात. फुटपाथवरून जाता येईना म्हणून ती रस्त्यावर उतरली, मागून हॉर्न वाजला, घाईने परत वर चढताना पाय कडेला अडखळला. "तोल नव्हता गेला माझा," ती म्हणाली, "जागा नव्हती."

त्या ओळीत गेली दोन वर्षे माझीही स्कूटर लागते. आत्या पडली ती सकाळी, आणि मी तेथे जाते ते संध्याकाळी. पण परीक्षेच्या दिवसांत सकाळचेही तास असत. त्या दिवशी माझी गाडी तेथे होती की नव्हती, हे मला कितीही आठवले तरी सांगता येत नाही. आणि आठवत नाही, हेच मला अधिक लागले. कारण गाडी कुठे लावली हे आठवावे, इतकीही ती गोष्ट मला कधी महत्त्वाची वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आम्ही टेप घेऊन तेथे गेलो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चालणाऱ्याला फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी मिळायला हवी. मग सहज म्हणून माझी स्कूटर मोजली. तिची लांबीही जवळजवळ तेवढीच भरली. म्हणजे नियमाने चालणाऱ्यासाठी जेवढी वाट ठेवली आहे, तेवढी अडवायला माझी एक गाडी आडवी लावणे पुरेसे आहे.

म्हणून मला सुचवावेसे वाटते ते असे. ज्या वाटेविषयी मत घ्यायचे, ते त्या वाटेवर, तिच्या गर्दीच्या वेळी, चालणाऱ्याबरोबर चार पावले चालत घ्यावे. महाविद्यालयांचे समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र हे विभाग हे काम दरवर्षी करू शकतील, आणि तो अहवाल हरकती-सूचनांच्या वेळी मावशींच्या आणि रखवालदार काकांच्या वतीने दाखल करता येईल. दुसरे, आपल्या स्टँडला आपण अजून 'सायकल स्टँड'च म्हणतो. त्यातला छपराखालचा एक कोपरा तरी सायकलींसाठी मोकळा ठेवावा. तिसरी सूचना प्राध्यापकांची आधी क्षमा मागून करते. फाटकासमोरच्या फुटपाथवर विद्यार्थ्यांच्या आणि गुरुजनांच्या दोघांच्याही गाड्या असतात. त्या आपणच उचलू या. याला ना आराखडा लागतो, ना न्यायालय.

मी आता क्लासच्या दिवशी गाडी दोन चौक अलीकडे वाहनतळावर लावते आणि चालत जाते. यात मोठेपणा काही नाही. दहा मिनिटे आधी निघावे लागते, इतकेच. आत्या अजून मंडईपर्यंत जात नाही. माझा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत मात्र येते. तिची प्रश्नावली मी तिच्याकडून नीट भरून घेतली. शेवटच्या रकान्याखाली सही करताना तिने विचारले, "माझ्या मताचं तुम्ही काय करणार गं?"

सरांनी आमच्या प्रकल्पाला चांगले गुण दिले. आत्याच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मला अजून देता आलेले नाही. हा अंक वाचून झाल्यावर आपण सारे फाटकाबाहेर पडू, तेव्हा समोरच्या फुटपाथवर काय दिसते, त्यावर ते अवलंबून आहे.

एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष कला (समाजशास्त्र)